जमिनीचं रक्त

जंगलाच्या तोंडाशी बंद पडलेली लाकूडगिरणी होती. तिच्यामागे सुईसारख्या पानांची उंच झाडं सुरू व्हायची. एरवी तिकडे सरपणाला जाणाऱ्या चार बायका सोडल्या तर चिटपाखरू फिरकत नसे, पण त्या रविवारी गिरणीपासून झाडांपर्यंत माणसांची रीघ लागली होती. कुणी पोर खांद्यावर घेतलं होतं, कुणी म्हाताऱ्या आईला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. आत गेलेली माणसं तोंडावर हात ठेवून बाहेर येत, आणि बाहेरची त्यांना घेरून विचारत, "दिसलं? खरंच वाहतंय?"

वाहत होतं, हे खरंच. झाडाच्या मुळाशी, पडलेल्या पानांतून, पांढरट मखमली गोळे वर आले होते आणि त्यांच्या अंगावर लालभडक थेंब डवरले होते. आत्ता कुणी सुईने टोचून काढावं इतके ताजे.

त्या गोळ्यांभोवती दोरी बांधलेली होती आणि दोरीच्या आत थेंबबाबा उभे होते. हे नाव त्यांना लोकांनी दिलं, की त्यांनी लोकांकडून द्यायला लावलं, ते कळायला मार्ग नाही. पूर्वी ते कुठल्याशा रोपवाटिकेत कामाला होते म्हणे. आवाज मात्र असा, की गिरणी चालू असती तरी तिच्यावरून ऐकू आला असता.

"बघा!" त्यांनी एक लहानसा गोळा उलटा करून वर धरला. त्याच्या खालच्या अंगाला बारीक बारीक काटे लोंबत होते. "काय आहेत हे? दात आहेत, दात! ही धरणी इतकी वर्षं गप्प बसली. आता तिने दात काढलेत! आणि दातांतून रक्त का येतंय? सांगा, का येतंय? तुमची पापं चावून चावून तिच्या हिरड्या सोलल्यात!"

गर्दीतून हुंदके आले. धरणी दात काढते आहे ती नेमकी कुणाला हसून, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही.

"पण आई आहे ती. शिक्षा करते आणि औषधही देते. ज्याच्या अंगात रक्त कमी, त्याला ती आपलं देते. ज्याचं वाहतं, त्याचं थांबवते. मनापासून कबुली द्या, पदरात थेंब घ्या!"

कबुली दिल्यावर एक चेला गोळ्यावरचं ओलं गोणपाट उचलायचा आणि खाली थेंब चमकायचे. ज्याने शंका काढली, त्याला मात्र दुपारी उन्हात यायला सांगत. तेव्हा गोणपाट नसे आणि थेंबही नसत. "पाहिलंत? संशयी माणसापुढे आई कोरडी पडते," असं बाबा म्हणत, आणि संशयी माणूस बायकोच्या नजरेखाली मान घालून घरी जाई.

त्या रविवारी रांगेत गावातले लॅबवालेही होते, सवयीने अंगात पांढरा कोट घातलेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची रक्त-लघवी तपासायची प्रयोगशाळा होती. एक खोली, एक पडदा, एक सूक्ष्मदर्शक. माणूस सचोटीचा, हात हलका. सुई कधी टोचली ते कळत नसे. पण त्यांचं आयुष्य असं, की गावातल्या अर्ध्या लोकांचं रक्त त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांचा चेहरा मात्र कुणाला धड आठवत नसे. रिपोर्ट डॉक्टरांकडे जाई, आभार डॉक्टरांना मिळत.

ते आले होते धाकट्या बहिणीला घेऊन. घरात तिला सगळे चिमी म्हणत. दोन मुलांची आई झाली तरी चिमीच. ती धुलाईच्या दुकानात उभं राहून दिवसभर इस्त्री करायची. पाळीत अतोनात रक्त जायचं म्हणून ती फिकी पडत चालली होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि गर्भाशयातली गाठ काढून घ्यायला सांगितलं होतं. गोळ्यांनी पोट बिघडायचं आणि ऑपरेशनच्या नावाने तिची झोप उडायची. नवरा ट्रक घेऊन लांब लांब जाणारा. मग असलं काही बोलायचं ते दादाशीच.

"दादा, ते खरंच रक्त असेल का रे?" तिने रांगेत विचारलं.

"छट! असं कुठे असतं?" लॅबवाले म्हणाले.

ते कुणीतरी ऐकलं आणि पुढे कळवलं. थेंबबाबांनी रागवायच्या ऐवजी दोन्ही हात पसरले.

"या, या! विज्ञानाला इथे बंदी नाही. अरे, शास्त्रज्ञांना वाट द्या! खुर्ची आणा!"

शास्त्रज्ञ. लॅबवाल्यांना हा शब्द आयुष्यात कुणी वापरला नव्हता. खुर्ची आली, पंखा घालायला माणूस आला, समोर तोंडं वळली. बाबा म्हणाले, "तपासा! तुमच्या शास्त्राने तपासा आणि या लेकरांना सांगा."

पिशवीत जखमा धुवायच्या पेरॉक्साइडची बाटली होती. रक्ताच्या डागावर ते टाकलं की फेस येतो, हे रोजच्या सवयीने त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांनी पट्टीने एक थेंब खरवडून घेतला, त्याबरोबर गोळ्याचा थोडा कोवळा गरही आला. काचेवर ठेवला आणि वरून पेरॉक्साइड सोडलं.

पांढरा फेस फसफसून वर आला.

लॅबवाल्यांनी मान वर केली. चिमीचे डोळे त्यांच्यावर खिळले होते, आणि तिच्या मागे सारं गाव.

"प्रतिक्रिया... रक्ताचीच आहे," ते म्हणाले.

जो जल्लोष झाला त्यात पुढचं वाक्य, म्हणजे 'पण अजून नीट तपासायला हवं' हे, त्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांनी ते पुन्हा मोठ्याने म्हणायचा प्रयत्नही केला नाही, हे त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

निघताना त्यांनी आणखी एक थेंब लहान बाटलीत घालून आणला होता. संध्याकाळी पडदा ओढून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. रक्ताच्या पेशी कशा दिसतात हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. मधोमध दबलेल्या गोल चकत्या, एकीला एक चिकटून. इथे एकही चकती नव्हती. तांबूस पाणी होतं, आणि त्यात सुतासारखे बुरशीचे तुटके धागे.

रक्त नव्हतं. जवळपाससुद्धा नव्हतं.

त्यांनी दिवा बंद केला. आता जाऊन सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ज्या लोकांनी खुर्ची दिली त्यांना सांगायचं की मी घाई केली? गाव हसेल, डॉक्टर हसतील. उद्या सांगू, असं ठरवून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने उठून नमस्कार केला. "काय शास्त्रज्ञ!" म्हणाला. मग ते राहूनच गेलं.

थेंबबाबांचा पसारा वाढला. दोरीच्या जागी कुंपण आलं, चेले वाढले आणि लाल पाण्याच्या लहान बाटल्या आल्या. कुंपणावर फलक लागला: 'प्रयोगशाळेत सिद्ध झालेले'. लॅबवाले तो रस्ता टाळू लागले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई एकदा प्रयोगशाळेत येऊन बसल्या. केस पांढरे, चपलांना नेहमी माती, सुट्टीच्या दिवशी जंगलात भटकणाऱ्या.

"एक विचारू? ते कसं तपासलंत?"

"पेरॉक्साइडने."

"बस्स? आणि सूक्ष्मदर्शकाखाली?"

लॅबवाल्यांनी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. "बाई, मला कामं आहेत. लोकांना आधार वाटतो, कुणाचं काही बिघडत नाही. जाऊ द्या ना."

बाई उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "बिघडत नसतं तर मी आले नसते." त्या गेल्यावर बराच वेळ लॅबवाल्यांना चिठ्ठी सरळ चिकटवता येईना.

चिमीने गोळ्या बंद केल्याचं त्यांना कळलं नाही. कळेल कसं? विचारलंच नव्हतं. ती आता बाटलीतले थेंब घेत होती, डॉक्टरीणबाईंच्या तारखेला ती गेली नाही, आणि कुणी विचारलं तर अभिमानाने सांगायची, "माझ्याच दादाने तपासलंय ते."

भर दुपारी धुलाईच्या दुकानात, चादरीवर इस्त्री टेकवलेली असताना ती खाली कोसळली. चादर जळाल्याच्या वासाने मालकीणबाई आतून धावत आली. तिला दवाखान्यात नेलं आणि तिथून एक नळी घाईघाईने लॅबवाल्यांकडे आली. डॉक्टरीणबाईंचा निरोप होता, ताबडतोब सांगा.

नळी हातात घेताच लॅबवाल्यांना ती हलकी वाटली. रक्त काचेला धरतच नव्हतं, पाण्यासारखं सरकत होतं. त्यांनी थेंब पसरून काच तयार केली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी होत्या, पण कशा? बारीक, फिकट, मधून पोकळ, कुणी त्यांच्यातला रंग पुसून टाकल्यासारख्या. एवढी वाईट काच त्यांनी फार थोड्या वेळा पाहिली होती, आणि त्यातली काही माणसं परत आली नव्हती. मग त्यांनी नळीवरचं नाव वाचलं.

त्या नावाने तिला कुणी कधी हाकच मारली नव्हती. म्हणून ओळखायला क्षणभर वेळ लागला.

दवाखान्यात तिला रक्ताची बाटली लावली होती. ओठ कागदासारखे पांढरे. लॅबवाले स्टुलावर बसले. तिने डोळे उघडले.

"गोळ्या का सोडल्यास, चिमे?"

तिला त्या प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलं. "तूच म्हणालास ना, दादा."

त्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. लॅबवाले बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. परिचारिका जाता-येता पाहत होती, पण त्यांना वळता येईना.

तिथून ते सरळ बाईंच्या घरी गेले. दार उघडताच म्हणाले, "ते रक्त नाही. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागवावं की नको, हे त्यांचंही ठरत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "बसा आधी. बहीण कशी आहे?"

पहाट उजाडताना दोघं जंगलात शिरली, पण कुंपणाच्या वाटेने नव्हे, ओढ्याच्या बाजूने. बाई जमिनीकडे बघत चालत होत्या. एका झाडाखाली त्या गुडघ्यांवर बसल्या. "हे घ्या. या धरणीमातेला अजून कुणी भेटलेलं दिसत नाही."

पानांत तसेच पांढरे गोळे होते आणि त्यांच्यावर तेच लाल थेंब, टपोरे, दोरी नसलेले.

"इथे कुणी कबुली दिली होती?" बाई म्हणाल्या. "ही बुरशी आहे. भूछत्राच्या जातीतलीच, पण निराळ्या कुळातली. खालून बघा. साध्या भूछत्राला खाली पापुद्रे असतात, काहींना बारीक भोकं असतात. हिला काटे असतात, दातांसारखे. बी म्हणजे बीजाणू त्या काट्यांवर धरतात. म्हणून हिला दातेरी बुरशी म्हणायचं. ओळखायची खूण तीच, जी तो पापांचे दात म्हणून दाखवतो."

"आणि थेंब?"

"झाडाच्या मुळांशी हिचं साटंलोटं असतं. जमिनीतलं पाणी ती ओढते. कोवळी असताना, हवा दमट असली, की जास्तीचं पाणी अंगातून बाहेर टाकते. त्यात तिचा लाल रंग उतरतो. सकाळी गवताच्या टोकाला थेंब असतात ना? ते सगळंच दव नसतं, गवतही असंच पाणी टाकतं. ऊन आलं, वारा लागला, की थेंब वाळतात."

"म्हणून गोणपाट."

"रोपवाटिकेत काम केलेल्या माणसाला ओलं गोणपाट काय करतं ते शिकवावं लागत नाही."

थोडं पुढे त्याच बुरशीची जुनी अंगं होती. तपकिरी, बुचासारखी टणक, पार कोरडी. बाईंनी एक उचलून ठोकलं. "ती म्हातारी झाली की असं होतं. कुंपणातल्या एव्हाना अशाच झाल्या असणार. मग एवढ्या बाटल्या भरतात कशाने, हा विचार केलात?"

लॅबवाल्यांनी केला नव्हता. त्या जंगलात, ओल्या पानांवर, त्यांना आपल्या वयाची आणि आपल्या कोटाची लाज वाटली.

पुढच्या रविवारी गर्दी ऐन भरात असताना दोघं कुंपणाशी आली. थेंबबाबांना आनंद झाला. "अरे, आपले शास्त्रज्ञ! खुर्ची आणा!"

"खुर्ची नको," लॅबवाले म्हणाले. "टेबल द्या एक."

टेबलावर त्यांनी काचेच्या तीन बशा मांडल्या. पहिल्या बशीत स्वतःचं बोट टोचून रक्त घेतलं. दुसऱ्या बशीत बाईंनी कच्च्या बटाट्याची फोड ठेवली. तिसरीत त्यांनी समोरच्या एका आजींच्या हातातल्या बाटलीतलं लाल पाणी ओतलं. मग तिन्हींवर पेरॉक्साइड सोडलं.

रक्ताला फेस आला. बटाट्यालाही आला, चांगला भरघोस. लोक पुढे सरकले.

"बटाट्यात रक्त असतं का हो?" बाईंनी विचारलं. कुणीतरी हसलं. "नसतं. रक्तातलं जे द्रव्य पेरॉक्साइडला फोडतं, ते बटाट्यात असतं, बुरशीतही असतं. म्हणून फेस येतो. फेस आला म्हणजे रक्त, असं होत नाही."

"आणि तिसरी?" आजींनी मान उंचावली.

तिसऱ्या बशीत लाल पाणी निवांत पडून होतं. एक बुडबुडा नाही.

"ही तर बुरशीसुद्धा नाही," लॅबवाले म्हणाले. "हा नुसता लाल रंग दिसतोय, आजी. आणि पाणी."

थेंबबाबा गडगडले, "संशयाचा हात लागला! पावित्र्य उडून गेलं! म्हणून आई गप्प आहे!"

"म्हणजे बटाट्याची श्रद्धा पक्की निघाली," बाई म्हणाल्या.

आता मात्र हशा पिकला. बाईंनी ओढ्याकाठची बुरशी, खालचे दात, वरचे थेंब, सगळं हातोहात फिरवलं. दोन तरुण कुंपण ओलांडून आत गेले. गोणपाटांखाली टणक तपकिरी बुचं निघाली, वर रंग शिंपडलेली, आणि झुडपामागे फवारणीचा पंप आणि रंगाच्या पुड्या. चेले तोवर पसार झाले होते. बाबा पंप कुणाचा ते समजावून सांगत होते, पण ऐकणारं कुणी उरलं नाही. गोंधळ ऐकून आलेल्या वनरक्षकाने त्यांना हाताला धरून रस्त्याकडे नेलं.

सगळ्यांना वाटलं, संपलं. पण आजी जागच्या हलल्या नव्हत्या. त्या लॅबवाल्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो लबाड होता, ते झालं. तू का सांगितलंस रक्त म्हणून? मी त्याच्याकरता नाही, तुझ्याकरता प्यायले हे."

हशा थांबला. बाई काही बोलायला गेल्या, लॅबवाल्यांनी त्यांना थांबवलं.

"कारण मला कुणी पहिल्यांदा शास्त्रज्ञ म्हटलं होतं," ते म्हणाले. "मी अर्धवट तपासलं आणि पूर्ण बोललो. त्याच संध्याकाळी मला माझी चूक दिसली, आणि लाजेपायी मी गप्प बसलो. माझी बहीण मरता मरता वाचली. तुमच्यातलं आणखी कुणी औषध सोडलं असेल, तर आज डॉक्टरांकडे जा. माझ्यावर थुंकायचं असेल तर थुंका, पण आधी जा."

कुणी थुंकलं नाही. माफही कुणी केलं नाही. आजींनी बाटली पालथी केली, लाल पाणी पानांत मुरलं, आणि त्या निघाल्या.

"अजून एक," लॅबवाले मागून ओरडले. "बाबाचं ऐकू नका, एवढंच सांगितलं तर मी पुन्हा फसवीन. माझंही ऐकू नका. हा पांढरा कोट त्या दिवशीही माझ्या अंगावर होता. कुणी काहीही सिद्ध झालं म्हटलं, की विचारा: कसं तपासलं? आणखी कशाने तसं होऊ शकतं? दुसऱ्या कुणी तपासून पाहिलं का? जो चिडेल, त्याच्यापासून लांब राहा. मग तो अंगारा देत असो की रिपोर्ट."

प्रयोगशाळेत येणारी माणसं काही काळ कमी झाली. चहावाला पुन्हा साध्या नावाने हाक मारू लागला, आणि त्यात कडवटपणा नव्हता असं म्हणता येणार नाही. लॅबवाल्यांना ते योग्यच वाटलं.

चिमीची गाठ डॉक्टरीणबाईंनी काढली. टाके सुकल्यावर ती तपासणीचं रक्त द्यायला एकटीच आली, बाही वर करून बसली आणि दादाशी फारसं बोलली नाही. लॅबवाल्यांनी नळी भरली, काच तयार केली, डोळा लावला. पेशी भरलेल्या होत्या, अजून थोड्या लहान, पण रंग धरलेल्या.

"छान आहे, चिमे. आता काही काळजी—"

"थांब." तिने उठून स्टूल पुढे ओढलं. "सांगू नकोस. आधी मला दाखव."

लॅबवाले बाजूला झाले. तिने एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला, आणि चाक कसं फिरवायचं ते विचारलं.